मोडलं, तुटलं की फुटलं?

माझ्या जपानीच्या वहीत एका पानावर पाच शब्द एकाखाली एक लिहिलेले होते. कोवारेरू, वारेरू, ओरेरू, किरेरू, याबुरेरू. पाचांच्याही पुढे मी एकच अर्थ लिहिला होता: टु ब्रेक. परीक्षेच्या आदल्या दिवशी ते पान पाठ करायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की यात पाठ करण्यासारखं काही नाहीच.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला जाताना जिन्यातच बाई भेटल्या. आमच्या जपानीच्या बाई शनिवार पेठेत राहायच्या आणि तिथून चालत वर्गावर यायच्या.

"बाई, ही पाचही क्रियापदं एकच ना?"

"एकच असती तर जपान्यांनी पाच कशाला केली असती? त्यांना दुसरे उद्योग नव्हते का?"

"मग कुठलं केव्हा वापरायचं?"

"वाचत राहा. कळेल," असं म्हणून बाई पुढच्या पायरीवर गेल्यासुद्धा.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. पाच वाक्यं, पाच रिकाम्या जागा. कोवारेरू हा शब्द मला त्यातल्या त्यात सर्वसमावेशक वाटला, म्हणून मी पाचही जागी तोच भरून टाकला. एक बरोबर आला. मी पास झाले आणि ते पान विसरून गेले.

खरं तर जपानी शिकायची मला काही फार ओढ नव्हती. माझे बाबा यवतमाळकडून पुण्यात आलेले, हडपसरच्या एका कारखान्यात कामाला. उदारीकरण येऊन चारपाच वर्षं झाली होती. टायपिंगच्या वर्गांच्या पाट्या उतरून त्याच खिळ्यांवर कॉम्प्युटरच्या वर्गांच्या पाट्या लागत होत्या. माझी बी.एस्सी. झाली आणि बाबांना त्यांच्या खात्यातल्या कुणीतरी सांगितलं, की आता पुण्यात जपानी कंपन्या येणार, जपानी येणाऱ्याला नोकरी घरी शोधत येईल. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की चार दिवसांत माझं नाव घातलं. मग अडीच वर्षं मी हडपसरहून बसने शहरात जाऊन जपानी शिकले. नोकरी मात्र घरी आली नाही. मलाच शोधायला लागली.

ती मिळाली घरापासून सायकलने वीस मिनिटांवर, हडपसरच्याच एका मसाल्याच्या कारखान्यात. तिथे जपानीचं काय काम, असं मलाही वाटलं होतं. मालक सदाशिव पेठेतले, पांढरा सदरा, पांढरी विजार, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी मला समोर बसवलं.

"जपानी येतं?"

"तिसरी पातळी पास आहे."

"पातळी पुरात मोजतात. मशीनचं पुस्तक वाचता येईल का, ते सांगा."

"येईल," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण खरं म्हणावं असंही नव्हतं.

झालं होतं असं, की मालकांनी ओसाकाजवळच्या एका कंपनीकडून पाकिटं भरायचं एक जुनं मशीन घेतलं होतं. रबरी वाट्यांनी रिकामं पाकीट उचलायचं, उघडायचं, मसाला भरायचा, तोंड बंद करायचं, सगळं त्यानंच. तोवर आमच्याकडे दहाबारा बायका चमच्यानं मसाला मोजून पाकिटं भरायच्या. मशीन येणार कळल्यावर त्यांच्यातली एकजण मालकांना तोंडावर म्हणाली, "म्हंजी आमी घरी जायाचं का?"

"आधी ते येऊ द्या. मग चालू होऊ द्या. मग ठरवू कोणी घरी जायचं. कदाचित मीच जाईन," मालक म्हणाले.

मशीन जहाजाने न्हावाशेव्याला आणि तिथून ट्रकने हडपसरला आलं. लाकडी खोका उघडला तेव्हा आत काचेचा चुरा आणि वर एक लोंबणारा पट्टा. वाटेत कुठेतरी खोका जोरात आपटला असणार. मॅनेजरसाहेब वही घेऊन मशीनभोवती फिरले आणि परदेशी पत्रव्यवहार आहे म्हणून त्यांनी यादी इंग्रजीत टाईप केली. पॅनेल ब्रोकन. फीडर ब्रोकन. ड्राइव्ह ब्रोकन. सक्शन ब्रोकन. हॉपर ब्रोकन. खाली सही, शिक्का.

"याचं जपानी करा. आजच फॅक्स जायला हवा."

नोकरीतलं ते माझं पहिलं खरं काम. मशीनच्या भागांची जपानी नावं मी पुस्तकातून शोधून काढली, अक्षरं घोटून घोटून लिहिली, आणि पाचही ओळींच्या शेवटी लिहिलं: कोवारेमाशिता. अक्षर सुंदर आलं होतं. फॅक्स जाताना मशीनमधून निघणारा तो करकर आवाजसुद्धा मला त्या दिवशी गोड वाटला.

दोन दिवसांत उत्तर आलं. झाल्या त्रासाबद्दल तीन वेळा माफी मागितली होती, आणि आमचा तज्ज्ञ पुढच्या सोमवारी सगळं सामान घेऊन पोचतो आहे, असं लिहिलं होतं. मालकांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. "बघा. पाच ओळी गेल्या, माणूस निघाला. इथे नळ दुरुस्त करायला माणूस बोलवायचा तर पाच पत्रं लिहावी लागतात."

सोमवारी तज्ज्ञ आले. पन्नाशीचे, बारीक, राखाडी गणवेशातले. कपड्यांची एक लहानशी पिशवी आणि सामानाची एक अवजड पेटी. मसाल्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. नऊ शिंका, प्रत्येक शिंकेनंतर माफी. मग पेटी उघडली. आत फोममध्ये गुंडाळलेल्या हिरव्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्या होत्या, वायरी होत्या, मीटर होता. त्यांनी पॅनेलचा दरवाजा उघडला, वीज जोडली, मीटर लावला. पंधरा मिनिटं तपासलं. सगळे दिवे व्यवस्थित लागत होते. ते माझ्याकडे वळले.

मला ते नावानं हाक मारत नसत. 'त्सुयाकु-सान' म्हणत, म्हणजे दुभाषीबाई.

"त्सुयाकु-सान, पॅनेल कोवारेते इमासेन," ते अतिशय मृदू आवाजात म्हणाले. पॅनेल बिघडलेलं नाही.

मी काच दाखवली. पॅनेलवरच्या काचेला आरपार तडे, मधला तुकडा गायब.

"आ," ते म्हणाले. "वारेते इमास."

मग ते फीडरकडे गेले. आतली बोटाएवढी पोलादी पिन मधोमध दोन तुकडे होऊन पडली होती. "ओरेते इमास." ड्राइव्हचा दातेरी पट्टा उचलला. "किरेते इमास." रबरी वाटी हातात घेऊन उजेडात धरली. "याबुरेते इमास." प्रत्येक वेळी ते मान हलवत होते.

माझ्या शेजारी कारखान्याचे मिस्त्री उभे होते. हडपसरजवळच्या मांजरी गावचे, घरची थोडी उसाची शेती आणि इथे तीस वर्षं हातात पाना. त्यांना जपानी कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण तज्ज्ञ जिथे बोट ठेवतील तिथे तेही वाकून बघत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते.

"काच फुटली. पिन मोडली. पट्टा तुटला. आन ही वाटी फाटली की वं."

मी मिस्त्रींकडे बघितलं. मग तज्ज्ञांकडे. मग परत मिस्त्रींकडे.

वारेता, फुटली. ओरेता, मोडली. किरेता, तुटला. याबुरेता, फाटली. आणि पॅनेल? ते कोवारेलं नव्हतं, म्हणजे बिघडलं नव्हतं. ज्या पानावर मी पाच वेळा 'टु ब्रेक' लिहून ठेवलं होतं, त्या पाचही शब्दांना माझ्या आईच्या तोंडात रोज येणारे पाच वेगवेगळे शब्द होते. कप फुटतो, काडी मोडते, दोरी तुटते, धोतर फाटतं, रेडिओ बिघडतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. अडीच वर्षं मी मधल्या इंग्रजीच्या बोळातून जपानीकडे जात होते आणि तिथेच अडकून बसले होते.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या आधी दरदरून घाम फुटला. कारण चूक कुणाची हे आता उघड होतं. 'ड्राइव्ह कोवारेलं' वाचून त्या बिचाऱ्यांना वाटलं, वीज आणि मोटर बिघडली. मॅनेजरच्या यादीत भागाचं नाव मोघम होतं, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगायची सगळी जबाबदारी क्रियापदावर होती, आणि क्रियापद माझं होतं.

मालक आले. मी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे, मग त्या हिरव्या पट्ट्यांकडे बघितलं.

"म्हणजे काच फुटली म्हणून आपण इलेक्ट्रिशियन बोलावला. तोही समुद्रापलीकडून."

"हो."

"बरं. आता दुसरी यादी करा. या वेळी मिस्त्रींना बरोबर घ्या. त्यांची तिसरी पातळी नाही, पण निभावेल."

मी आणि मिस्त्री मशीनभोवती अख्खी दुपार फिरलो. मी विचारायचे, "मिस्त्री, याला काय झालंय?" आणि ते एका शब्दात सांगायचे. गिअरच्या एका दाताकडे बघून म्हणाले, "ह्येचा टवका उडालाय." मी तज्ज्ञांना नखाएवढी जागा दाखवली. "काकेता," ते लगेच म्हणाले. टवका उडण्यालासुद्धा जपानीत वेगळं क्रियापद होतं! हॉपरचा, म्हणजे वरून मसाला ओतायच्या नरसाळ्याचा, पत्रा हाताने चाचपून मिस्त्री म्हणाले, "ह्यो मोडल्याला न्हाय, चेपलाय." त्यालाही वेगळा शब्द निघाला. तासाभरात असं झालं, की मिस्त्रींनी मराठीत म्हणायचं आणि तज्ज्ञांनी मी तोंड उघडायच्या आत जपानीत. मी मध्ये नुसती वही धरून उभी.

"ताई, ह्यो मानूस मांजरीचाच हाय," मिस्त्री म्हणाले. "चुकून तिकडं जल्मला."

नवा फॅक्स गेला. पण तोवर थांबायचं कशाला, असं तज्ज्ञांनी आणि मिस्त्रींनी आपसात ठरवलं. कुठल्या भाषेत ठरवलं ते मला अजून कळलेलं नाही. मिस्त्रींनी लेथवर पिन करून आणली आणि गिअरचा दात वेल्डिंगने भरून घासला. तसबिरींच्या दुकानातून काच कापून आली. चेपलेला पत्रा मिस्त्रींनी लाकडी हातोड्याने ठोकून सरळ केला. पट्ट्यासाठी आम्ही तिघं रिक्षाने शहरात, बोहरी आळीतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. रिक्षात मी एका कडेला, मिस्त्री दुसऱ्या कडेला, मध्ये तज्ज्ञ, आणि तुटलेला पट्टा त्यांनी ग्रीस कपड्यांना लागू नये म्हणून वर्तमानपत्र गुंडाळून गळ्यात अडकवलेला. चौथ्या दुकानात तसाच पट्टा मिळाला. तज्ज्ञांनी दुकानदाराला कमरेत वाकून नमस्कार केला. दुकानदार गोंधळून उठून उभा राहिला आणि त्याने आम्हाला चहा पाजला.

आता फक्त रबरी वाट्या राहिल्या होत्या. त्या इथे मिळण्यासारख्या नव्हत्या. जपानहून कुरिअर येईपर्यंत वाट बघणं भाग होतं.

आणि त्याच आठवड्यात माझं लग्न मोडलं.

दोन महिन्यांपूर्वी माझी सुपारी फुटली होती. आमच्याकडे लग्न पक्कं झालं की सुपारी फोडतात. मुलगा अमरावतीचा, बँकेत. मी त्याला दोनदा भेटले होते. दोन्ही वेळा त्याने मला जपानीत काहीतरी बोलून दाखव म्हटलं होतं आणि मी एक ते दहा आकडे म्हटले होते. वाईट मुलगा नव्हता. पण आमची रिक्षा त्यांच्या कुठल्यातरी नातेवाइकाने बोहरी आळीत बघितली, आणि ती बातमी अमरावतीला पोचेपर्यंत पट्ट्याचा हार झाला होता. मुलगी हार घातलेल्या परदेशी माणसाबरोबर रिक्षातून फिरत होती, असं तिकडे कळलं. मिस्त्री त्या बातमीतून वाटेतच कुठेतरी गळाले.

रविवारी मुलगा, त्याचे वडील आणि काका आमच्याकडे आले. बाबांनी सगळं समजावून सांगितलं, पट्टा म्हणजे काय तेही सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे, पण मुलीनं नोकरी सोडावी. लग्नाआधीच. असलं फिरायचं काम आमच्याकडे चालत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "तुझं काय म्हणणं आहे?"

मी मुलाकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं होतं. तो मनगटावरचं घड्याळ बघत होता. त्यांची परतीची गाडी होती.

"मी नोकरी सोडणार नाही," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"मग राहू द्या," बाबा पाहुण्यांना म्हणाले. एवढंच.

काका तावातावाने उठले. "सुपारी फुटली आहे! सुपारी फुटल्यावर असं करतात का कुठे?"

इतका वेळ आई आतल्या दारात उभी होती. ती पुढे आली. "सुपारी फोडली होती जी आम्ही. पोरगी नाही इकली." मग आत गेली आणि त्यांनी दिलेली साडी आणून टीपॉयवर ठेवली. पाहुण्यांचे पोहे तसेच राहिले होते. ते गेल्यावर आईने ते आम्हा सगळ्यांना वाढले आणि वाढता वाढता डोळे पुसले. "काहून रडून राह्यली तू?" बाबांनी तिला विचारलं. "कांदा होता ना," ती म्हणाली. पोह्यांतला कांदा केव्हाच शिजला होता.

मलाही रात्री रडू फुटलं. लग्न मोडल्याचं नव्हतं ते. त्या घड्याळाचं होतं.

सोमवारी कारखान्यात गेले तेव्हा डोळे सुजलेले. तज्ज्ञांच्या लक्षात आलं. जपानी माणूस सहसा खासगी विचारत नाही, पण त्यांना बहुधा वाटलं की फॅक्सच्या चुकीवरून मला कोणी बोललं. त्यांनी हळूच विचारलं, काय झालं?

आता मी शहाणी झाले होते. इंग्रजीच्या बोळात जायचं नाही, मराठीतून सरळ जायचं. मोडणे म्हणजे ओरेरू. मी म्हणाले, "माझं लग्न ओरेमाशिता."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. 'लग्न' हा शब्द माझ्या घोगऱ्या आवाजात त्यांना नीट ऐकूच आला नव्हता. ओरेमाशिता तेवढं ऐकलं होतं. "हाड?" त्यांनी घाबरून विचारलं. "कुठलं? हात?" आणि माझ्या दोन्ही हातांकडे बघायला लागले.

मी दोन्ही हात हलवून दाखवले. हाडं शाबूत आहेत. लग्न, लग्न. जे ठरलं होतं ते.

"आ... कोवारेमाशिता," ते म्हणाले. ठरलेलं लग्न जपानीत पिनेसारखं मोडत नाही, रेडिओसारखं बिघडतं. मिस्त्रींच्या यादीतून सुटलेला हा एक अपवाद. मग आयुष्यभराच्या सवयीने त्यांच्या तोंडून पुढचा प्रश्न निघून गेला, जो ते कुठल्याही कोवारेलेल्या वस्तूबद्दल विचारत असणार.

"नाओरिमास का?" दुरुस्त होईल का?

विचारलं आणि आपण काय विचारलं ते कळून ते कानापर्यंत लाल झाले. माफी मागायला वाकले. पण मला हसू फुटलं होतं. मी हसतच सुटले. बायका पाकिटं भरायची थांबून बघायला लागल्या.

"दुरुस्त नाही केलं तरी चालेल," मी जपानीत म्हणाले. त्यासाठीचं लांबलचक क्रियापद एकही अक्षर न चुकता आलं. वर्गात ते कधी जमलं नव्हतं.

मग ते दोन दिवस वाट बघण्यात गेले आणि मी त्यांना मराठी शिकवलं. आमच्याकडे काच फुटते तसा घामही फुटतो, म्हटल्यावर त्यांनी खिशातली छोटी वही काढली. रडू फुटतं. झाडाला कोंब फुटतो. घाबरलेल्या माणसाला कंप सुटतो, पण हरवलेल्या वस्तूला पाय फुटतात. त्यांनी सगळं लिहून घेतलं. सुपारी फुटते तेव्हा अभिनंदन करतात, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. "फुटली, म्हणून अभिनंदन?" "हो." "आणि मग लग्न मोडलं, म्हणून वाईट?" "हो." त्यांनी वही मिटली. "मराठी फार अवघड आहे," ते शेवटी म्हणाले. मला अडीच वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

बुधवारी वाट्या आल्या. त्या बसवल्या, मशीनला हळदकुंकू वाहिलं, आणि मालकांनी नारळ तज्ज्ञांच्या हातात दिला. ते माझ्याकडे बघायला लागले. "फोडायचा," मी सांगितलं. "इथे अभिनंदन आहे." मिस्त्रींनी जमिनीवरचा दगड दाखवला. तज्ज्ञांनी नारळ इतक्या जोरात आपटला की पाणी मालकांच्या पांढऱ्या विजारीवर उडालं. तीन वेळा माफी. मशीन सुरू झालं. पहिल्या पाकिटात मसालाच नव्हता. दुसऱ्यात दुप्पट. तिसरं बरोबर निघालं, आणि त्यानंतर ते चालतच राहिलं.

पाकिटं भरणाऱ्या बायकांपैकी कोणी घरी गेलं नाही, हे इथे सांगायला हवं. माल जास्त निघायला लागला तशी मागणी वाढली, आणि ज्या बाईने मालकांना तोंडावर विचारलं होतं, तीच पुढे ते मशीन चालवायला लागली. वर्षभरात तिला त्याच्या आवाजावरून कळायचं की कुठली वाटी फाटायला आली आहे.

मालकांनी मला बोलावून एक खोका हातात दिला. आत माझ्या नावाची शंभर कार्डं होती. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जपानीसाठी जागा कोरी. "तिथलं तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "आम्ही छापलं तर बिघडायचं."

बाईंना भेटून मी हे सगळं सांगितलं. मिस्त्रींचं, पाच शब्दांचं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मग मराठीतून विचार करायला तुला कोणी अडवलं होतं?"

"बाई, आपलं पुस्तकच इंग्रजीतून आहे."

"पुस्तक इंग्रजीतून आहे. डोकं कुठल्या भाषेतून आहे ते मला कसं कळणार?" पण पुढच्या आठवड्यात मी वर्गासमोरून जाताना आत डोकावले, तर फळ्यावर पाच जपानी क्रियापदं आणि त्यांच्यासमोर पाच मराठी क्रियापदं होती.

चार वर्षांनी मी सॉफ्टवेअरच्या कंपनीत गेले. तोवर हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या आणि जपानी येणाऱ्याला नोकरी खरोखरच शोधत यायला लागली होती. बाबा ज्याला त्याला 'मी सांगत होतो' म्हणायचे. तिथली मुलं माझ्याकडे यायची. "मॅडम, क्लाएंटला मेल टाकायचाय, बिल्ड ब्रेक झालाय, लिंक ब्रेक झालीये, फाइल पण ब्रेक आहे." मी विचारायचे, "नीट सांग. लिंक तुटली का? फाइल बिघडली का?" आधी ती वैतागायची. पण लिंक जपानीतही तुटतेच आणि फाइल जपानीतही बिघडतेच, हे कळल्यावर त्यांना गंमत वाटायला लागली. बिल्डबद्दल, म्हणजे सगळा प्रोग्रॅम एकत्र बांधण्याबद्दल, मात्र माझं आणि त्यांचं कधी एकमत झालं नाही. त्यातल्याच एकाशी, जो बिल्ड 'फिसकटलं' म्हणायचा, पुढे माझं लग्न झालं. सुपारी फुटली, आणि तिच्यापुढे काही मोडलं नाही.

आता मी आठवड्यातून तीन संध्याकाळी वाघोलीत जपानी शिकवते. निम्मा वर्ग यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून नोकरीसाठी आलेल्या मुलामुलींचा. परवा तोच धडा होता. मी फळ्यावर पाचही क्रियापदं लिहिली आणि म्हटलं, घरातली वाक्यं सांगा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"मॅडम, दूध फाटलं, तर याबुरेता म्हणायचं का?"

"दूध फाटत नाही, नासतं," पुढच्या बाकावरचा पुण्याचा मुलगा वळून म्हणाला.

"आमच्याकडे फाटतं."

"आमच्यात फुटतं," मांजरीचा एकजण म्हणाला.

तिघं भांडायला लागले. मग सगळा वर्ग भांडायला लागला. एकाने आईला फोन लावून स्पीकरवर टाकला, आणि त्या माउलीने आधी विचारलं की तू जेवलास का. जपानीत दूध सडतं असं म्हणतात, मी सांगितलं. ते कोणालाच पटलं नाही. फाटलेल्या दुधाचं पनीर होतं, सडलेल्याचं काय होणार, असं त्या मुलीचं म्हणणं होतं, आणि ते मला बिनतोड वाटलं. मी फळ्यावर एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं. वर्गाची वेळ संपून वीस मिनिटं झाली होती. खाली शिपाई किल्ल्या वाजवत होता आणि वर कोणी उठायला तयार नव्हतं.